वकील रंगो बापूजी : शब्दापासून शस्त्रापर्यंत

पावसाळा ओसरला की आम्ही काही शिक्षक पदवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन पन्हाळ्यावर जातो. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी, बाजीप्रभूंचा पुतळा हा क्रम ठरलेला आहे. सिद्दी जौहरच्या वेढ्याची गोष्ट विद्यार्थ्यांना आमच्यापेक्षा अधिक तपशिलात ठाऊक असते. परंतु गडाचा इतिहास त्यांच्या लेखी १६६० साली सुरू होतो आणि तेथेच संपतो. म्हणून चार दरवाजाच्या जागेपाशी आम्ही मुद्दाम थांबतो आणि १८४४ चे साल काढतो. कोल्हापूर संस्थानातील गडकऱ्यांनी त्या वर्षी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. सामानगड, भुदरगड, पन्हाळा हे गड त्यांच्या हाती होते. फिरतीवर असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याला पकडून त्यांनी पन्हाळ्यावर कैदेत ठेवले. अखेर जनरल डेलामोटच्या फौजेने तोफा डागून १ डिसेंबर १८४४ रोजी गड घेतला आणि पुढे चार दरवाजाही पाडून टाकण्यात आला. गेल्या खेपेस एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तो कैदेत पडलेला अधिकारी कोण होता?" आम्ही सांगितले, "कर्नल ओव्हन्स, साताऱ्याचा रेसिडेंट." उत्तर बरोबर होते, पण त्यात फारच थोडे सांगितले गेले होते. ओव्हन्सची खरी कथा पन्हाळ्यावर घडली नाही. ती साताऱ्यात घडली आणि लंडनमध्ये लढली गेली. तो पन्हाळ्यावर अडकला होता, त्याच काळात त्याच्याविरुद्ध लंडनमध्ये अर्जांमागून अर्ज लिहिणारा एक मराठी माणूस होता. त्या माणसाचे नाव रंगो बापूजी गुप्ते.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या इतिहासात चरित्रांचा एक ठसठशीत नमुना आढळतो. तेथील नायक वकिली करतो, यादवी युद्धात (१८६१–६५) लढतो आणि युद्ध संपल्यावर राजकारणात शिरून थेट अध्यक्षपदापर्यंत पोहोचतो. रदरफोर्ड हेस आणि बेंजामिन हॅरिसन ही त्याची सहज आठवणारी उदाहरणे. सैनिक, वकील आणि राजकारणी या तीन भूमिका तेथे एकाच माणसात सुखाने नांदतात. एका भूमिकेतले यश दुसरीच्या कामी येते. रंगो बापूजींच्या आयुष्यातही राजकारण, वकिली आणि शस्त्र या तिन्ही गोष्टी आहेत. पण येथे एक दार बंद झाले म्हणून माणूस दुसऱ्या दाराकडे वळतो, आणि शेवटचे दार फाशीच्या माळाकडे उघडते. हा फरक माणसांच्या गुणांतला नव्हे, तो परिस्थितीतला आहे. तो नीट कळला तर रंगो बापूजींच्या चरित्राकडे पाहण्याची आपली नजर बदलते, असे आम्हांस वाटते.

आधी प्रकरणाची पार्श्वभूमी. १८१८ साली पेशवाई बुडाली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह आष्टीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती आले. त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवणे कंपनीच्या सोयीचे होते, कारण पेशव्याविरुद्ध छत्रपतींचे नाव पुढे करता येत होते. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. त्या तहाने प्रतापसिंहांना राज्य मिळाले, परंतु कंपनीच्या संमतीवाचून कोणत्याही परसत्तेशी किंवा संस्थानिकाशी पत्रव्यवहार करायचा नाही, ही अटही त्यात होती. मराठ्यांच्या इतिहासाचे लेखक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते ग्रँट डफ हे साताऱ्याचे पहिले इंग्रज कारभारी. पुढे प्रतापसिंहांनी स्वतः कारभार पाहिला. रस्ते, पाणी, शाळा यांकडे लक्ष दिले आणि मुलींच्या शिक्षणाचीही सुरुवात घरापासून केली. १८३५ साली कंपनीच्या डायरेक्टरांनी त्यांच्या कारभारावर खूश होऊन एक रत्नजडित तलवार आणि प्रशंसेचे पत्र पाठवले. मुंबई सरकारने ते त्यांच्यापर्यंत पोहोचूच दिले नाही. जहागीरदारांवर हुकमत कोणाची, या प्रश्नावरून सरकार आणि छत्रपती यांच्यात तोवर वितुष्ट आले होते.

त्यानंतरच्या वर्षी, १८३६ मध्ये, आरोप पुढे आले. कंपनीच्या तेविसाव्या पलटणीतील दोन सुभेदारांना फितवण्याचा प्रयत्न, गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त पत्रव्यवहार आणि नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान, असे ते आरोप होते. लॉडविक, विलोबी आणि ओव्हन्स या तिघांच्या गुप्त समितीने चौकशी केली. ज्याच्यावर आरोप होते त्याला साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची मुभा मिळाली नाही आणि सगळा पुरावाही दाखवला गेला नाही. पुढच्या वर्षी ओव्हन्स साताऱ्याचे रेसिडेंट झाले. ज्याने पुरावा गोळा केला, त्याच्याच हाती छत्रपतींचे भवितव्य गेले.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आले आणि त्यांनी तोडगा पुढे केला. प्रतापसिंहांनी दोष कबूल करणाऱ्या कागदावर सही करावी, म्हणजे सारे माफ होईल आणि गादी कायम राहील. प्रतापसिंहांनी सही केली नाही. न केलेला अपराध कबूल करून मिळणारी गादी त्यांना नको होती. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून राजवाड्यातून नेण्यात आले आणि पुढे काशीस पाठवण्यात आले. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांना गादीवर बसवण्यात आले.

रंगो बापूजींचे काम येथून सुरू होते. रोहिडखोऱ्याच्या देशपांडे घराण्यातले हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू गृहस्थ प्रतापसिंहांच्या विश्वासातले होते. छत्रपतींनी त्यांना आपले वकील म्हणून लंडनला धाडले. त्यांच्या आधी आणि त्यांच्यासोबत गेलेली इतर मंडळीही होती. यशवंतराव राजेशिर्के, मीर अफजल अली आणि भगवंतराव विठ्ठल ही त्यांतली नावे. ती मंडळी परतली. रंगो बापूजी १८४० च्या सुमारास लंडनला पोहोचले आणि १८५३ अखेरपर्यंत तेथेच राहिले.

येथे 'वकील' या शब्दापाशी थोडे थांबावे लागेल. आज हा शब्द उच्चारला की काळा कोट डोळ्यांसमोर येतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्याला दिला आहे तो, असा आहे. मराठी राजकारणात वकील म्हणजे परदरबारी राहणारा प्रतिनिधी. दिल्लीच्या दरबारी हिंगणे होते, निजामाकडे गोविंदराव काळे होते. ते बातमी लिहीत, तहाची कलमे घासून पुसून घेत, आणि त्यांच्यामागे मराठी फौज उभी असे. वकिलाच्या शब्दाला वजन येते ते त्याच्या धन्याच्या बळामुळे. कंपनी सरकारच्या अदालतींत याच शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. पक्षकाराची बाजू न्यायाधीशापुढे मांडणारा तो वकील. येथे धन्याच्या फौजेची गरज नाही, परंतु न्यायाधीश मात्र हवा. रंगो बापूजी नेमके या दोन अर्थांच्या मधल्या फटीत उभे होते. त्यांच्या धन्याची फौज नव्हती, राज्यही गेले होते, त्यामुळे जुन्या अर्थाचा वकील होणे शक्य नव्हते. आणि नव्या अर्थाचा वकील व्हावे, तर प्रकरण ऐकणारे न्यायालय कोठे होते? तक्रार कंपनीविरुद्ध, साक्षीपुरावा कंपनीचा आणि निकालही कंपनीचाच.

लंडनला जाऊन दाद मागण्याचा मार्ग त्यांनी प्रथम शोधला असे नव्हे. १७८१ साली राघोबादादांचे वकील हणमंतराव विलायतेत गेले होते आणि एडमंड बर्क यांनी त्यांची आपल्या घरी व्यवस्था केली होती. १८३१ मध्ये राममोहन रॉय मोगल बादशहाची बाजू मांडायला तेथे पोहोचले आणि १८३३ मध्ये ब्रिस्टल येथे निवर्तले. पण तेरा-चौदा वर्षे एकाच प्रकरणाला चिकटून राहिलेला माणूस आम्हांला तरी दुसरा आठवत नाही.

लंडनमध्ये त्यांनी लढण्यासाठी निवडलेली जागा समजून घेतली पाहिजे. लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया हाउसमध्ये कंपनीचे डायरेक्टर बसत. त्यांच्यावर सरकारचे बोर्ड ऑफ कंट्रोल होते. आणि या दोघांच्या जोडीला कंपनीच्या भागधारकांची सभा होती, कोर्ट ऑफ प्रोप्रायटर्स. पाचशे पौंडांचे भाग असणाऱ्यास त्या सभेत बसता येई आणि हजार पौंडांच्या भागावर एक मत मिळे. ही सभा डायरेक्टरांचा निर्णय सहसा फिरवू शकत नसे, पण तेथे बोललेले छापून येई. रंगो बापूजींनी हे हेरले. त्यांनी इंग्रजी आत्मसात केली, निवेदने छापली, सभासदांना भेटले आणि सातारच्या प्रकरणाची चर्चा पुन्हा पुन्हा घडवून आणली. इंग्रजी छपाईत त्यांचे नाव 'रंगो बापोजी' असे काहीसे होऊन येते आणि त्यापुढे सातारच्या राजाचे वकील ही ओळख असते. तो राजा कंपनीच्या लेखी राजा उरला नव्हता, तरी वकिलाने ती पदवी सोडली नाही.

त्यांना मिळालेले पाठीराखेही पाहण्याजोगे आहेत. साताऱ्याचे एकेकाळचे रेसिडेंट जनरल ब्रिग्ज आणि जनरल रॉबर्टसन छत्रपतींच्या बाजूने बोलले. इतकेच काय, १८३६ च्या गुप्त समितीत बसलेले लॉडविक पुढे त्याच निकालाविरुद्ध उभे राहिले. पार्लमेंटात जोसेफ ह्यूम होते. आणि जॉर्ज थॉम्प्सन होते. हे थॉम्प्सन गुलामगिरीविरोधी चळवळीतले नामांकित वक्ते. १८३४–३५ मध्ये अमेरिकेत जाऊन त्यांनी गुलामगिरीविरुद्ध भाषणे दिली आणि जमावाच्या रोषामुळे त्यांना तो देश सोडावा लागला. १८४२ च्या अखेरीस ते द्वारकानाथ ठाकुरांसमवेत कलकत्त्यास आले. १८४७ ते १८५२ या काळात ते पार्लमेंटचे सभासद होते. अमेरिकेतल्या गुलामांसाठी वापरलेली वक्तृत्वाची आणि लोकमत जागवण्याची हत्यारे सातारच्या छत्रपतींसाठीही वापरली गेली, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. त्याच्या तीन दशके आधी एका मराठी वकिलाने त्या चळवळीतल्या एका माणसाशी प्रत्यक्ष हातमिळवणी केली होती, हेही सांगायला हवे.

विरुद्ध बाजूला कोण होते? बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्षपद १८३५ ते १८४१ आणि पुन्हा १८४६ ते १८५२ या काळात जॉन कॅम हॉबहाउस यांच्याकडे होते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे नाव ओळखीचे असते. बायरनचे ते जिवलग मित्र; 'चाइल्ड हॅरॉल्ड'चा चौथा सर्ग त्यांनाच अर्पण केलेला आहे. ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठी कळवळणाऱ्या कवीच्या मित्राच्या कारकिर्दीत प्रतापसिंह पदच्युत झाले आणि सातारचे राज्यही खालसा झाले. ईस्ट इंडिया हाउसमध्येच, संस्थानांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराच्या खात्यात, १८३६ पासून जॉन स्टुअर्ट मिल नोकरीस होते. ते पुढे १८५९ साली स्वातंत्र्यावरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिणार होते, आणि त्यात तो सिद्धान्त 'मागासलेल्या' समाजांना लागू नाही असेही नोंदवणार होते. रंगो बापूजी ज्या इमारतीचे उंबरठे झिजवत होते, तिच्या आत उदारमतवादाचा हा थोर भाष्यकार बसलेला होता. यात आम्हांला कोणा व्यक्तीचा दोष दाखवायचा नाही. इंग्रजी साहित्य आणि विचार शिकताना ज्या दालनातून आपण जातो, त्याच दालनाच्या दाराबाहेर आपला एक माणूस तिष्ठत उभा होता, एवढेच ध्यानात ठेवायचे आहे.

आता त्यांच्या युक्तिवादाकडे. या प्रकरणात गिरजाबाईच्या नावाचा एक अर्ज फार महत्त्वाचा ठरला होता. गिरजाबाई ही प्रतापसिंहांचे दिवाण गोविंदराव यांची आई. मुलगा कैदेत असताना तिने छत्रपतींविरुद्ध माहिती देणारा अर्ज केला, असे सरकारचे म्हणणे होते. पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या गृहस्थाने सरकारलाच कळवले की तो अर्ज आपण लिहिला होता आणि त्याबद्दल कबूल झालेले बक्षीस आपल्याला मिळाले नाही. बक्षिसाच्या लोभाने केलेल्या या तक्रारीने मूळ पुराव्याचा पायाच हलला. रंगो बापूजींनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी हा मुद्दा लावून धरला. त्यांची मागणी साधी होती. छत्रपती निर्दोष आहेत असे तुम्ही आधीच म्हणा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. पुरावा उघड करा, उघड चौकशी करा आणि आरोपीला बोलू द्या, एवढेच ते मागत होते. ही चौकशी झाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीत वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्यात शहाजी वारले. दोघांनीही दत्तक घेतले होते. साताऱ्याचे तेव्हाचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत दत्तक मान्य करावा असे होते. लॉर्ड डलहौसीने ते मानले नाही. १८४९ मध्ये डायरेक्टरांच्या मंजुरीने सातारचे राज्य खालसा झाले. दत्तक नामंजूर करून संस्थान बुडवण्याच्या डलहौसीच्या धोरणातले हे पहिले मोठे प्रकरण होते. झाशी आणि नागपूर ही नावे त्याच्यामागून आली.

धनी वारला, राज्य गेले, पैशाचा ओघ आटला. कोणत्याही व्यवहारी माणसाने यावेळी गाशा गुंडाळला असता. रंगो बापूजी आणखी चार-पाच वर्षे राहिले, कर्ज काढून राहिले. आता ते कोणाचे वकील होते? छत्रपतींच्या विधवा राणीचे आणि दत्तक पुत्राचे, असे कायद्याच्या भाषेत म्हणता येईल. आमच्या मते ते त्या टप्प्यावर एका तत्त्वाचे वकील झाले होते : सही केलेला तह दोन्ही बाजूंना बांधतो, हे ते तत्त्व. १८५३ साली कंपनीची सनद पुन्हा मंजूर झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस ते परतीच्या वाटेला लागले. कर्जफेडीला आणि परतीच्या प्रवासाला कंपनीनेच पैसे दिले, ही या प्रकरणातली शेवटची विटंबना. ज्या कचेरीने चौदा वर्षांत चौकशी दिली नाही, तिने जहाजाचे भाडे मात्र दिले.

पुढची साडेतीन वर्षे आणि १८५७ चा उन्हाळा हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. सातारा भागात माणसे जमवण्याचे, रामोशांना आणि गडकऱ्यांना एकत्र आणण्याचे, छावणीतल्या शिपायांना वळवण्याचे काम चालले होते. ते जूनमध्ये उघडकीस आले. ऑगस्टमध्ये प्रतापसिंहांच्या कुटुंबीयांना साताऱ्यातून हलवून मुंबईजवळच्या बुचर बेटावर नेण्यात आले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा देण्यात आली. पाच जणांना फाशी दिले, सहा जणांना तोफेच्या तोंडी दिले आणि सहा जणांना गोळ्या घातल्या. फाशी गेलेल्यांत सीताराम हा रंगो बापूजींचा मुलगा होता. स्वतः रंगो बापूजींना पकडण्यासाठी बक्षीस लावण्यात आले, पण ते सापडले नाहीत. ते वेषांतर करून निसटले असे परंपरा सांगते. त्यांची समाधी नाही आणि मृत्यूची तिथीही नाही.

आमच्या कोल्हापुराचा धागा येथे पुन्हा जुळतो. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरातल्या सत्ताविसाव्या पलटणीने बंड केले. डिसेंबरात शहरात पुन्हा उठाव झाला आणि कर्नल लेग्रँड जेकबने तो मोडला. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना पुढे कराचीस नेऊन ठेवण्यात आले. ते १८६९ साली तेथेच वारले. सातारा आणि कोल्हापूर येथील हालचालींमागे एकच सूत्र आहे, असा इंग्रज अधिकाऱ्यांचा संशय होता. ते सूत्र किती पक्के होते यावर अभ्यासकांनी वाद घालावा. परंतु १८४४ च्या गडकऱ्यांनी ओव्हन्सला कोंडले आणि १८५७ मध्ये ओव्हन्सचा लंडनमधला विरोधकच गडकऱ्यांकडे वळला, या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या की दक्षिण महाराष्ट्राच्या असंतोषाचा नकाशा डोळ्यांसमोर येतो.

मराठी लेखनाने या चरित्राचे काय केले? सावरकरांनी १८५७ वरील आपल्या ग्रंथात (१९०९) रंगो बापूजी आणि नानासाहेबांचे वकील अझीमुल्ला खान यांची लंडनमध्ये गाठ घालून दिली आणि तेथेच उठावाची आखणी झाल्याचे चित्र उभे केले. ते चित्र प्रभावी आहे, पण त्यामुळे लंडनमधली चौदा वर्षे केवळ एका रात्रीच्या मसलतीची प्रस्तावना ठरतात. प्रबोधनकार ठाकरे यांनी आधी 'हिंदवी स्वराज्याचा खून' आणि पुढे 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' हा मोठा ग्रंथ लिहिला. आज आपल्याला हे प्रकरण माहीत आहे ते मुख्यतः प्रबोधनकारांमुळे, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांच्या लेखनामागे ब्राह्मणेतर चळवळीची धग आहे. प्रतापसिंहांच्या दरबारी वेदोक्ताचा वाद झाला होता, आणि तोच वाद शतकाच्या अखेरीस कोल्हापुरात शाहू महाराजांच्या वाट्याला आला. शाहू महाराजांच्या वर्तुळात वावरलेल्या प्रबोधनकारांना सातारच्या जुन्या कागदांत आपल्याच काळाची लढाई दिसली, यात नवल नाही. त्यामुळे बाळाजीपंत नातू हे त्यांच्या लेखनात साऱ्या अनर्थाचे मूळ होऊन बसतात. नातूंचे कारस्थान खोटे नव्हे. पण एका घरभेद्याने राज्य बुडवले असे म्हटले की, साक्षीदार, फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असलेल्या त्या राज्ययंत्रणेकडे आपले दुर्लक्ष होते. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की प्रबोधनकार आवर्जून वाचा, आणि त्यांच्याशेजारी वामनदास बसूंचा 'स्टोरी ऑफ सातारा' (१९२२) हा इंग्रजी ग्रंथ ठेवून वाचा.

वर्गात हा विषय निघाला की आणखी एक प्रतिक्रिया हमखास येते. 'अर्ज करण्यात चौदा वर्षे फुकट घालवली, शेवटी शहाणपण आले.' आम्हांला ही प्रतिक्रिया चुकीची वाटते आणि तिचा प्रतिवाद करण्यासाठीच हा लेखप्रपंच. एक तर, ती वर्षे फुकट गेली नाहीत. तह, पुरावा, उघड चौकशी, आरोपीचा बोलण्याचा हक्क ही सारी भाषा त्या वर्षांत मराठी राजकारणात आली. ज्या जुलै १८५७ मध्ये रंगो बापूजी फरारी होते, त्याच महिन्यात मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि तेथून कायद्याचे पदवीधर बाहेर पडू लागले. महादेव गोविंद रानडे हे त्यांपैकी एक. त्यांचे बालपण कोल्हापुरात गेले होते. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा उभी करणारे गणेश वासुदेव जोशी हे तर मूळचे साताऱ्याचे वकील. रंगो बापूजी लंडनमध्ये लढत होते तेव्हा ते साताऱ्यातला तरुण होते. पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र त्यांनीच घेतले. शब्दाची परंपरा गेंडामाळावर संपली नाही.

आणि दुसरे असे की, शस्त्राकडे वळणे हे शहाणपण होते की मूर्खपणा, हा प्रश्नच आपण चुकीच्या जागी विचारतो. माणूस शस्त्राकडे केव्हा वळतो, असे विचारले पाहिजे. याचे सर्वांत नेमके उत्तर आम्हांला साताऱ्यातच शिकलेल्या एका माणसाकडे मिळते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील शाळेत एका सुभेदाराच्या मुलाचे नाव दाखल झाले. ज्या वाड्यातून प्रतापसिंहांना काढले गेले, त्याच ठिकाणी भरणारी ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर : सैनिकाचा मुलगा, पुढे वकील, पुढे राजकारणी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी सांगितले की, सनदशीर मार्ग उपलब्धच नव्हते तेव्हा इतर मार्गांचे बऱ्याच अंशी समर्थन करता येत होते. सनदशीर मार्ग खुले झाल्यावर मात्र ते समर्थन उरत नाही. रंगो बापूजींचा उल्लेख त्या भाषणात नाही. पण त्या विधानाची पहिली बाजू समजावून सांगायची असेल, तर आम्हांला त्यांच्या चरित्राहून चांगले उदाहरण सुचत नाही. आणि दुसरी बाजू ही आपली जबाबदारी आहे. दार उघडे ठेवणे म्हणजे अर्ज ऐकून घेणे, पुरावा दाखवणे, आरोपीला बोलू देणे. ज्या कचेरीत हे घडत नाही, ती कचेरी कोणाचीही असो, तिच्या उंबरठ्यावर कोणी एक रंगो बापूजी उभाच असतो.

येत्या हिवाळ्यात पन्हाळ्यावर जाऊ तेव्हा त्या विद्यार्थिनीला हे सारे सांगायचे आमच्या मनात आहे. ओव्हन्स पन्हाळ्यावर कोंडला गेला, फौज आली आणि तो सुटला. प्रतापसिंहांसाठी मात्र फौज आली नाही. एक वकील तेवढा चौदा वर्षे बोलत राहिला.